संकल्पातील ‘मी’ आणि निवेदनातील ‘मी’

देवळात अभिषेकास किंवा घरी पूजेस बसलेला यजमान हातात उदक घेऊन जो संकल्प उच्चारतो, त्याची रचना लक्षपूर्वक पाहिली तर मनुष्याच्या ओळखीविषयीचा एक संपूर्ण विचार तिच्यात सामावलेला आढळून येतो. प्रारंभी कल्प, मन्वंतर आणि युग. मग द्वीप, वर्ष, देश आणि नदीचे तीर. त्यानंतर संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष व तिथी. आणि इतके सारे झाल्यावर गोत्र व नाव. अनंत काल आणि अफाट भूगोल यांची वर्तुळे आकुंचित होत होत एका बिंदूवर येऊन थांबतात, तो बिंदू म्हणजे यजमानाचा ‘मी’ होय. हा ‘मी’ आधी काळाचा, मग भूमीचा, मग कुळाचा आणि सर्वांत शेवटी स्वतःचा असतो.

बृहदारण्यकोपनिषदाच्या पहिल्या अध्यायात हा क्रम नेमका उलटा आहे. सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेल्या पुरुषाने सभोवार पाहिले; आपल्यावाचून दुसरे काहीच त्यास दिसले नाही; तेव्हा ‘मी आहे’ हा पहिला उद्गार त्याच्या मुखातून निघाला. उपनिषत्कार पुढे सांगतात की, म्हणूनच आजही कोणास हाक मारली असता तो प्रथम ‘हा मी’ असे म्हणतो आणि मग आपले जे दुसरे नाव असेल ते सांगतो. आणि लगेच पुढची गोष्ट सांगितली आहे ती ही की, असा ‘मी’ उच्चारणारा तो पुरुष भ्याला. आत्मभानाच्या पाठोपाठ भय आले, हे त्या ऋषीचे निरीक्षण आजच्या मानसशास्त्रज्ञासही विचार करावयास लावील असे आहे.

कुळाने आणि स्थळकाळाने दिलेला ‘मी’ एकीकडे, आणि सर्व नावांच्या आधीचा ‘मी’ दुसरीकडे. ह्या दोहोंतील ताण आपल्या इतिहासात कसा वावरला आहे, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील एक संत कवयित्री आणि गोमंतकातील एक पंडित अशा दोन व्यक्तींचा आधार घेऊ. दोघांनीही स्वतःविषयी मराठीत लिहून ठेवले आहे, आणि दोघांच्याही श्रद्धेनुसार ‘मी’ हा अंती विसर्जन करण्याचाच पदार्थ होता.

प्रथम शब्दांकडे वळू. व्यवहारात ‘अहंकार’ म्हणजे गर्व. शास्त्रात मात्र हा शब्द दुर्गुणवाचक म्हणून आलेला नाही. सांख्यांच्या मते प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि अहंकारापासून मन, इंद्रिये व तन्मात्रे निर्माण होतात. ज्ञान झाले तरी ते ‘मला’ झाले, कृती घडली तरी ती ‘माझी’ आहे, असा शिक्का मारणारे जे तत्त्व ते अहंकार. ह्या शिक्क्यावाचून जगातील कोणताही व्यवहार चालावयाचा नाही. पाणिनीने तर हा भेद क्रियापदातच नोंदविला आहे. क्रियेचे फळ कर्त्यासच मिळावयाचे असेल तर विशिष्ट धातूंस आत्मनेपद लागते. म्हणून यज्ञ करणाऱ्या यजमानास ‘यजते’ म्हणावे, तर त्याच्यासाठी यज्ञ करणाऱ्या ऋत्विजास ‘यजति’. एकच अग्नी, एकच आहुती. परंतु ‘कोणासाठी’ हा प्रश्न व्याकरणासही टाळता आला नाही. आणि त्याच यज्ञात प्रत्येक आहुतीबरोबर यजमानाने ‘हे माझे नव्हे’ असेही म्हणावयाचे असते. स्वत्व सांगणे आणि स्वत्व सोडणे ही दोन्ही एकाच विधीची अंगे आहेत.

आपल्या दोन भाषाही ह्याविषयी काही सांगतात. कोंकणीतील ‘हांव’ हे रूप संस्कृत ‘अहम्’च्या ‘अहकम्’ ह्या विस्तारित रूपापासून आले आहे. गुजरातीतील ‘हूं’ त्याच कुळातला. मराठीतील ‘मी’ मात्र ‘मया’ ह्या तृतीयेच्या रूपापासून, म्हणजे ‘माझ्याकडून’ ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. म्हणूनच आपण ‘त्याने केले’ म्हणतो, पण ‘मी केले’ म्हणताना वेगळा प्रत्यय लावीत नाही. तो त्या शब्दाच्या पोटातच आहे. कोंकणीत मात्र ‘हांव करतां’ आणि ‘हांवें केलें’ अशी दोन रूपे लागतात. एका भाषेचा ‘मी’ कर्त्याच्या आसनावर बसलेला, दुसरीचा मूळचा साधनाच्या जागी उभा. ह्यावरून दोन समाजांच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. परंतु घरात ‘हांव’ आणि कागदावर ‘मी’ लिहिणाऱ्या गोमंतकीय लेखकाची ओळख दोन मुळांवर वाढलेली असते, एवढे खचित म्हणता येईल.

बालकाच्या ठायी ही जाणीव टप्प्याटप्प्याने येते. बारशाच्या दिवशी आत्या कानात नाव सांगते तेव्हा ते नाव मुलाचे नसून इतरांच्या सोयीचे असते. पुढे ते बोलू लागते, तेव्हाही बहुधा आधी ‘बाळाला दे’ असेच म्हणते. ‘मला’ नंतर येते. नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून मुलास आरशापुढे बसविले, तर साधारण दीड ते दोन वर्षांच्या वयात ते आरशाऐवजी स्वतःच्या नाकाकडे हात नेऊ लागते, असे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखविले आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात जाणणारा ‘मी’ आणि जाणला जाणारा ‘मी’ असा भेद केला, व जितकी माणसे आपणास ओळखतात तितके आपले सामाजिक ‘मी’ असतात असे प्रतिपादिले. म्हणजे नाव, नाते आणि प्रतिष्ठा ही इतरांच्या डोळ्यांत वाढतात. प्रश्न असा उरतो की, ते डोळे फिरले, किंवा आपणच त्या डोळ्यांपासून दूर गेलो, तर ‘मी’चे काय होते?

ह्या प्रश्नाचे पहिले ठसठशीत मराठी उत्तर एका स्त्रीने दिले. संत बहिणाबाईंचा जन्म १६२८ साली वेरूळनजीकच्या देवगाव येथे झाला. अगदी बालवयात त्यांचा विवाह वयाने पुष्कळ मोठ्या अशा शिवूरच्या एका बिजवर ब्राह्मणाशी लावून देण्यात आला. घरच्या देण्याच्या तंट्यामुळे कुटुंबास गाव सोडावा लागला आणि फिरत फिरत ही मंडळी कोल्हापुरास आली. तेथे जयरामस्वामींची कीर्तने, कपिला गाय आणि तिचे वासरू यांच्या निमित्ताने त्यांचे मन भक्तीकडे ओढले गेले. वासराच्या मृत्यूनंतर तुकोबांनी स्वप्नात येऊन आपणास उपदेश केला, असे त्या सांगतात. तुकोबा त्या वेळी हयात होते, आणि ते ब्राह्मण नव्हते. वेदविद्येचा अभिमान बाळगणाऱ्या पतीस हे सहन झाले नाही. त्याने त्यांस मारहाण केली व घर सोडून जाण्याचाही विचार केला. पुढे आजारपणात त्याचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूस गेले.

बहिणाबाईंनी हे सर्व अभंगांतून सांगितले आहे. त्यांच्या आधी नामदेवादी संतांनी स्वतःविषयी लिहिले नव्हते असे नाही. पण घर, नवरा, मार, भीती आणि मनातील वाद ह्यांचा इतका सलग वृत्तान्त जुन्या मराठीत विरळाच. स्त्रीदेहास वेदाधिकार नाही, पतीची आज्ञा मोडणे अधर्म, आणि अंतःकरण तर विठ्ठलाकडे धावते. ह्या तिढ्यात त्यांनी संसार टाकला नाही आणि भक्तीही टाकली नाही. ‘अमक्याची कन्या, अमक्याची भार्या’ ही संकल्पातली ओळख कायम ठेवून तिच्या आत त्यांनी आपला स्वतंत्र ‘मी’ उभा केला. १७०० साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी आपल्या पुत्रास मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली आणि हा तेरावा जन्म शेवटचा असे म्हटले. आधुनिक वाचकास ही कथा श्रद्धेचा भाग वाटेल. तरीही तिच्यातील अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे: ज्या स्त्रीस ह्या जन्मीचे आपले जीवन स्वतः निवडता आले नाही, तिने तेरा जन्मांचा धागा स्वतःच्या हाताने ओवला, आणि तो कोठे संपावयाचा हेही स्वतःच सांगितले.

आता गोमंतकाकडे वळू. मुरगाव तालुक्यातील सांकवाळ हे गाव वाचकांस परिचित आहे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज राजवटीच्या धर्मच्छळात तेथील श्रीविजयादुर्गा अंत्रुज महालातील केरी येथे आणि श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंग येथे नेण्यात आले. देव हलले, पण कुळांच्या स्मरणातून मूळ स्थान हलले नाही. देवस्थान एका गावी आणि मूळ गाव दुसरीकडे, हे गोमंतकातील कितीतरी घराण्यांच्या ओळखीचे स्वरूप आहे. आणि हीच कुळे पुढे घाटावर, कर्नाटकात व मुंबईत गेली तेव्हा तो दुवा त्यांनी बरोबर नेला. सामूहिक ‘मी’ संकटात कसा तग धरतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

ह्याच सांकवाळात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गावच्या मराठी शाळेपलीकडे त्यांस फारसे शिक्षण लाभले नाही; नारळीच्या बागायतीची देखभाल आणि संसार एवढेच आयुष्य पुढे दिसत होते. ‘बालबोध’ ह्या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने निराळीच दिशा घेतली. १८९९च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांस मागे ठेवून ते विद्येसाठी बाहेर पडले. पुणे, उज्जैन, इंदूर आणि ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते काशीस पोचले व अन्नछत्रात जेवून संस्कृत व्याकरण शिकले. तेथून नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता आणि सिलोन. सिलोनात विद्योदय परिवेणात आचार्य सुमंगल यांच्यापाशी पालीचे अध्ययन करून १९०२ साली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

भिक्षू होणे म्हणजे संकल्पातील सारी वर्तुळे पुसून टाकणे. कुळ नाही, गोत्र नाही, गाव नाही. शिवाय बौद्ध विचार ह्याच्याही पुढे जातो. मिलिंदप्रश्नात नागसेन यवनराजास विचारतो की, चाक, आस, दांडी हे सर्व वेगळे काढले असता रथ कोठे उरतो. आणि जसा रथ हे नाव केवळ व्यवहारासाठी, तसेच ‘नागसेन’ हे नावही केवळ व्यवहारासाठी आहे. वेदान्ती येथे थांबून म्हणेल की, रथ नसला तरी पाहणारा आहे. आणि त्या पाहणाऱ्यासच तो आत्मा म्हणतो. दोन्ही पक्षांतील हा वाद दीड-दोन हजार वर्षे चालला. परंतु देह, नाव आणि प्रतिष्ठा म्हणजे ‘मी’ नव्हे, येथपर्यंत दोघेही एकाच वाटेने चालतात, हे विसरता कामा नये.

कोसंबी १९०६च्या सुमारास चीवर उतरवून पुन्हा गृहस्थाश्रमात आले. कलकत्त्यास पालीचे अध्यापन केले. नंतर बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी महिना ५० रुपयांचे साहाय्य दिले, ते पत्करून ते इकडे आले. आणि मग त्यांच्या आयुष्यात तो प्रसंग आला, ज्यासाठी हा सारा प्रपंच येथे मांडला.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९१० साली अमेरिकेस गेले. काम होते ‘विसुद्धिमग्ग’ ह्या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे. पाचव्या शतकात लंकेत बुद्धघोषाचार्यांनी रचलेला हा ग्रंथ म्हणजे शील, समाधी व प्रज्ञा यांचे महाभांडार. हेन्‍री क्लार्क वॉरन यांनी त्याचे संपादन हाती घेतले होते. पण जानेवारी १८९९मध्ये ते निवर्तले आणि काम अपुरे राहिले. कोसंबींनी ते पुढे नेले. मात्र शीर्षकपृष्ठावर आपल्या नावास कोणते स्थान मिळावे ह्यावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला, आणि १९१२ साली ते मायदेशी परतले. कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेला, अन्नछत्रात जेवून शिकलेला हा पंडित आपल्या श्रमाचे श्रेय सोडावयास तयार झाला नाही.

येथे विरोध उघड आहे. कर्म घडते, पण त्याच्यामागे कोणी स्थिर कर्ता सापडत नाही, असे शिकविणारा तो ग्रंथ. आणि त्याच ग्रंथाच्या पहिल्या पानावर कर्ता म्हणून कोणाचे नाव असावे, यासाठीचा हा वाद. ह्यास अहंकार म्हणावे काय?

घाईने ‘होय’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यवहारसत्य आणि परमार्थसत्य हा भेद बौद्धांस मान्य आहे, तसाच शांकरमतासही. परमार्थाने कर्ता नसेल. पण शीर्षकपृष्ठ हा व्यवहार आहे, आणि व्यवहारात ज्याने केले त्याचे नाव दडविणे म्हणजे असत्य. सत्य बोलणे हे पंचशीलातील व्रत आहे. त्याला स्वतःचा अपवाद करता येत नाही. त्या काळी पाश्चात्त्य विद्यापीठांत हिंदी पंडितांकडे साहाय्यक म्हणून पाहण्याची रीत होती. अशा वेळी ‘मला मान नको’ असे म्हणून गप्प बसणारा स्वतः विनम्र ठरतो, परंतु आपल्यामागून येणाऱ्यांचीही जागा तो नकळत खाली आणतो. ‘मी मोठा’ असे म्हणणे निराळे आणि ‘हे मी केले’ असे म्हणणे निराळे. पहिला गर्व, दुसरे आत्मभान. दोहोंची सीमारेषा बाहेरून दिसत नाही, ती ज्याची त्यानेच तपासावी लागते.

ह्या संदर्भात आणखी एक शब्द पारखण्याजोगा आहे. ज्या वुड्स यांनी कोसंबींस बोलाविले, त्यांनीच पातंजल योगसूत्रांचे व त्यांवरील भाष्यांचे इंग्रजी भाषांतर १९१४ साली प्रसिद्ध केले. त्या सूत्रांत अविद्येच्या खालोखाल ‘अस्मिता’ हा दुसरा क्लेश सांगितला आहे: पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन एकच मानणे म्हणजे अस्मिता. विसाव्या शतकात कन्हैयालाल मुनशी यांनी गुजरातीत हाच शब्द लोकप्रिय केला आणि पुढे मराठीतही प्रांताची, भाषेची अस्मिता असे आपण अभिमानाने म्हणू लागलो. योगशास्त्राने ज्यास क्लेश मानले ते आपण भूषण म्हणून मिरवितो. भाषा व देवस्थान ही आपली साधने आहेत. त्यांवाचून आपणास जग दिसणार नाही, म्हणून ती जतन केलीच पाहिजेत. परंतु साधन म्हणजेच आपण, असे एकदा मानले की त्यावर उमटलेला प्रत्येक ओरखडा अंगावरचा घाव वाटू लागतो. घराघरांत दोन भाषा नांदणाऱ्या आपल्यासारख्या समाजास हा इशारा विशेष लागू आहे.

कोसंबींनी १९२४ साली ‘निवेदन’ ह्या नावाने आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. ‘चरित्र’ नव्हे, ‘निवेदन’. हा शब्द देवापुढे नैवेद्य ठेवताना वापरतात तोच आहे, हे सांगावयास नको. घर सोडण्यापासून पुढचे अनेक अवमान आणि उपकार त्यांनी साध्या, अलंकारहीन गद्यात सांगितले. तरीही ह्या वृत्तान्तात एक आवाज कमी आहे, आणि इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने तो कमी आहे हे म्हटले पाहिजे. पती परागंदा असताना बाळाबाईंनी गोमंतकात तान्ह्या मुलीसह ती वर्षे कशी काढली, ह्याचे त्यांच्या हातचे निवेदन आपणापाशी नाही. एका व्यक्तीचा ‘मी’ घडतो तेव्हा त्याचे मोल पुष्कळदा दुसरीच व्यक्ती देत असते. बहिणाबाई संसारात राहिल्या आणि मार सोसला. कोसंबी बाहेर पडले आणि भार घरच्या बाईवर पडला. बुद्धचरित्रातील यशोधरेचा प्रश्न येथेही अनुत्तरितच राहतो. कोसंबींची थोरवी त्यामुळे उणी होत नाही. मात्र आत्मशोधाचा गौरव करताना हा हिशेब दृष्टीआड होऊ देऊ नये.

पुढचे आयुष्य त्यांनी मुक्त हस्ते वाटून टाकले. फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ पालीचे अध्यापन करून त्यांनी पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान घडविले. गुजरात विद्यापीठात व लेनिनग्राड येथे काम केले. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन कारावास भोगला. मुंबईत परळ येथे श्रमिकांच्या वस्तीत बहुजनविहार चालविला. ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिला. हार्वर्डलाही ते पुन्हा तीनदा गेले आणि अपुरे राहिलेले संपादन त्यांनी पुरे केले. मतभेद झाला म्हणून त्यांनी ग्रंथ टाकला नाही. १९४०मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. जून १९४७मध्ये सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मूक कार्याचा गांधीजींनी प्रार्थनासभेत गौरव केला.

हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली. संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे, अशी दोन्ही नावे तिच्यावर आहेत. वॉरन जाऊन तेव्हा ५१ वर्षे झाली होती, कोसंबी जाऊन ३. दोघांपैकी कोणीही ते पान पाहिले नाही. पाली शिकणारा विद्यार्थी मात्र ते उघडतो, दोन नावे वाचतो आणि पान उलटून मूळ ग्रंथाकडे वळतो. नाव खरे असावे आणि वाचणाऱ्याने ते ओलांडून पुढे जावे, एवढ्याचसाठी बहुधा ते तेथे असते.